न तपासलेली पुरवणी

काल नववीच्या मराठीचे दोन गठ्ठे घरी आले. ‘आले’ म्हणायची आपली एक पद्धत. प्रत्यक्षात मीच ते स्कूटीवर पायांशी ठेवून धनकवडीचा चढ चढवून आणले. खाकी कागद, वर सुतळीची दुहेरी गाठ, कोपऱ्यात तुकडीचं नाव. आईने दार उघडलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “आले का जावई?” मी सदतीस वर्षांची आणि बिनलग्नाची, त्यामुळे हा विनोद दरवर्षी एप्रिलात एकदा होतो. परीक्षांचा हंगाम सुरू झाल्याचं आमच्या घरी असं जाहीर होतं.

खिडकीबाहेर कडुनिंब मोहरला आहे. त्याचा गोडसर वास, पंख्याची घरघर, लाल पेन आणि समोर साठ मुलांची साठ अक्षरं. हे सगळं एकत्र आलं की माझ्या ओटीपोटात डावीकडे काहीतरी सावध होतं. खरं म्हणजे तिथे आता सावध व्हायला फारसं काही उरलेलं नाही. डावं अंडाशय गेल्या मे महिन्यात काढून टाकलं. पोटावर तीन लहान व्रण आहेत, आता फिकट झालेले. पण शरीराला बातमी पोचायला वेळ लागतो. आई सरकारी कचेरीत कारकून होती, ती म्हणते, फाइल बंद झाली तरी पत्रं येतच राहतात.

गठ्ठा सोडला की हल्ली मी एकही उत्तर वाचायच्या आधी पुरवण्या मोजते. मुख्य उत्तरपत्रिका भरली की मुलं जादा कागद मागतात, तो पांढऱ्या दोऱ्याने मागे बांधतात आणि पहिल्या पानावरच्या चौकटीत किती पुरवण्या जोडल्या तो आकडा लिहितात. तपासणाऱ्याने आधी चौकट पाहायची, मग कागद मोजायचे. नव्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी सांगतात ती ही गोष्ट. मला चौदा वर्षं झाली शिकवायला लागून, आणि गेल्या वर्षीपासून मी ती नव्याने शिकते आहे.

गेल्या वर्षीचा एप्रिल आठवायचा तर मला आधी गरम पाण्याची पिशवी आठवते. निळ्या रबराची, एका बाजूने जरा पिचलेली. ती पोटावर धरून, डावा पाय खुर्चीवर दुमडून घेऊन मी पेपर तपासायची. बाहेर पुण्याचं ऊन रस्त्यावरचं डांबर मऊ करत होतं आणि मी घरात पोट शेकत होते. आई येऊन पिशवीतलं पाणी बदलायची. बोलायची नाही काही. दुखण्याबद्दल आमच्याकडे बोलायची रीतच नव्हती. पहिल्यांदा असं दुखलं तेव्हा मी दहावीत होते, शाळेतून रिक्षाने घरी आले होते. आईने ओवा दिला, वर गरम पाणी दिलं, आणि म्हणाली, “होतं गं. बाईच्या जातीला होतंच.” एवढ्यावर तो विषय संपला. पुढे वीस वर्षं संपलेलाच राहिला.

रोज मरे त्याला कोण रडे, तशातली गत. दुखण्याचीही सवय होते. शाळेपासून घरापर्यंत अकरा स्पीडब्रेकर आहेत हे मला पाठ होतं, आणि त्यातला गतिरोधक म्हणावा असा कुठला आणि डोंगर म्हणावा असा कुठला, हेही. गादीच्या कुठल्या कडेला कुशीवर वळलं की कमी दुखतं, फळ्यावर लिहिताना कुठल्या हाताने टेबल धरायचं, तास चालू असताना कळ आली तर मुलांना “पुढचं पान मनात वाचा” म्हणून दोन मिनिटं कशी मिळवायची, याचं मी एक शास्त्रच बनवलं होतं. मुलं बिचारी मनात वाचत. माझ्याइतकं मौन वाचन दुसऱ्या कुणाच्याच तासाला होत नसे, आणि एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शिक्षकखोलीत एकीने मेथ्या सांगितल्या, दुसरीने लग्न. “मूल झालं की आपोआप जातं सगळं,” असं मला आमच्याच घरच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला, कैरीची डाळ खाता खाता, तीन वेगवेगळ्या बायकांनी सांगितलं. मी पन्ह्याचा पेला हातात धरून हसत उभी होते, कारण बसलं की उठता येत नव्हतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण माझं मलाही धड कळत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच एवढं होत असणार. मलाच सोसत नाही.

दोन गाठी आहेत हे कळलं ते सोनोग्राफीत. त्या तपासणीची आठवण म्हणजे लिटरभर पाणी पिऊन, लघवी धरून, प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीला मांडी घट्ट लावून बसलेल्या आम्ही पाच-सहा बायका. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आतून आवाज यायचा, “अजून भरलं नाही, आणखी पाणी प्या.” गाठीचं नाव चॉकलेट सिस्ट. आत जुनं रक्त साठून घट्ट, तपकिरी होतं म्हणून. हे नाव ज्याने ठेवलं त्याला आयुष्यात कधी पोट दुखलं नसावं.

डॉक्टर पन्नाशीच्या बाई आहेत, चष्मा कपाळावर सरकवून बोलतात. त्यांनी विचारलं, “दहापैकी किती दुखतं?”

मी म्हणाले, “चार.”

आता हा माझा हिशेब सांगायला हवा. भाषेच्या पेपरात आम्ही पैकीच्या पैकी कुणाला देत नाही. गणितात मिळतात, मराठीत नाही. ही आमची जुनी खोड आहे आणि आम्हाला तिचा अभिमानही आहे. अक्षर चांगलं असेल तर विचारांचा अर्धा कापायचा, विचार चांगले असतील तर ऱ्हस्व-दीर्घाचा. तेव्हा दहा तर कुणालाच नाहीत. नऊ बाळंतपणाला; मला अनुभव नाही, पण बायका सांगतात त्यावर विश्वास ठेवून. आठ मूतखड्याला, कारण शेजारचे काका त्या वेळी जिन्यात लोळले होते. असं करत करत माझ्या वाट्याला चार उरले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, “दहापैकी चारच दुखणाऱ्या बायका माझ्या दारातून भिंत धरून आत येत नाहीत.”

मग गेल्या मार्चमधल्या फेरीला त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. डावी बाजू जवळजवळ गेली आहे, गाठ मोठी आहे. उजवीकडची अजून लहान आहे. आत्ता शस्त्रक्रिया केली तर उजवं अंडाशय वाचवता येण्याची शक्यता चांगली. “थांबलात तर मी शब्द देणार नाही,” त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, “परीक्षा झाल्या की करू.”

“कुठल्या वर्षीच्या?” त्यांनी विचारलं, कारण हे मी त्यांना आदल्या वर्षीही म्हणाले होते.

मूल हवं की नको, हे मी ठरवलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर कधी नीट विचारही केला नव्हता. विचार करायला लागणारी ताकद दुखण्यात खर्च होत होती. पण ठरवायची जागा शिल्लक राहावी, एवढं मला मनापासून हवं होतं. नाही म्हणायचं तर ते मी म्हणावं, माझ्या पोटातल्या एका गाठीने माझ्यावतीने म्हणू नये. आणि एवढं हवं असूनही मी थांबत होते. आधी परीक्षा, मग निकाल, मग प्रवेश, मग जूनमध्ये शाळा उघडणार. शाळेच्या वर्षात आजारी पडायला रकानाच नसतो. असतो म्हणा, पण तो दुसऱ्यांसाठी.

तर गेल्या एप्रिलमधली एक दुपार. गठ्ठ्यातला एकेचाळिसावा की बेचाळिसावा पेपर. कळ अशी की लाल पेनाचं टोक कागदावर टेकवून मी नुसती बसून होते. सानिका नावाच्या मुलीचा पेपर होता, आंबेगावच्या बाजूला राहणारी, मागच्या बाकावरची, हात कधी वर न करणारी. मुख्य उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान अर्धं कोरं होतं. मला हायसं वाटलं. कोऱ्या भागावर मी तिरकी रेघ मारली, बेरीज केली. ऐंशीपैकी तेवीस. पास व्हायला अठ्ठावीस लागतात. वाईट वाटलं, पण संपला याचं बरं अधिक वाटलं. पुढचा घेतला.

निकालाच्या आधी आमच्याकडे मुलांना पेपर दाखवतात. सानिकाने तो पाहिला, चाळला, सही केली आणि परत दिला. तिचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही, म्हणजे मी पाहिलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन शाळेत आली. दूध घालून थेट आली असावी, साडीला वैरणीचा वास होता.

“बाई, रागावू नका,” ती म्हणाली. “पोरगी म्हन्ती, तिनं जादा कागद लिव्हला हाय. आमाला त्यातलं काय कळत न्हाई. पन पोरगी खोटं न्हाई बोलायची. तेवढा एकदा बगा की.”

मी कपाटातून पेपर काढला. पहिल्या पानावरच्या चौकटीत सुवाच्य ‘१’ लिहिलेला होता. मागे पुरवणी होती, दोरा नीट बांधलेला, गाठही सरळ. चार पानं भरलेली. एकाही पानावर माझ्या लाल शाईचा ठिपका नव्हता. मुख्य पान अर्धं कोरं होतं, कारण मीच वर्षभर वर्गात ओरडून सांगितलं होतं, “नवा प्रश्न नव्या पानावर सुरू करा.” तिने माझं ऐकलं होतं. तिने ऐकलं म्हणूनच मी तिला नापास केलं होतं.

मी तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागले. पत्र होतं, सारांश होता, आणि बंद पडलेल्या घड्याळाचं आत्मकथन होतं. त्यात तिने लिहिलं होतं, ‘मी बंद पडलो आहे हे आठ दिवस कुणाच्या लक्षातच आले नाही, कारण सगळे माझ्या खालून घाईत जात होते.’ मी सतरा गुण दिले. तेवीस आणि सतरा चाळीस.

“काल पेपर पाहिलास तेव्हा मला का नाही सांगितलंस?” मी तिला विचारलं. आवाज जरा चढलाच माझा. चूक स्वतःची असली की चढतो.

ती फरशीकडे बघत म्हणाली, “मला वाटलं मॅडम, तुम्ही वाचलं असेल. मार्क द्यावेत असं काही नसेल त्यात.”

“अगं, लाल शाई तरी दिसली का तुला कुठे?”

“नाही.”

“मग?”

“मला वाटलं, माझंच कमी पडलं असेल.”

तिची आई माझे आभार मानून गेली, हे फार वाईट झालं. भांडली असती तर बरं वाटलं असतं. मी मुख्याध्यापिकांकडे जाऊन चूक सांगितली, लेखी दिली. त्या फक्त म्हणाल्या, “तुमच्याकडून?” आणि सही केली. मी बाहेर येऊन सायकलींच्या स्टँडपाशी उभी राहिले. उन्हाने लोखंड तापलं होतं, तरी तेच धरून उभी राहिले, कारण दुसरं धरायला काही नव्हतं. मला शरम वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग नक्की कुणाचा ते उमगत नव्हतं. एवढी चार पानं लिहिलीस, कुणी उलटूनही पाहिली नाहीत, आणि तुला वाटलं तुझंच कमी पडलं? असं मी त्या पोरीशी मनात भांडत होते. भांडता भांडता गप्प झाले. वीस वर्षं मी तरी दुसरं काय करत होते?

तिथूनच मी डॉक्टरांना फोन लावला.

“झाल्या का परीक्षा?” त्यांनी विचारलं.

“निकाल लागायचा आहे अजून,” मी म्हणाले, “पण तुम्ही तारीख द्या.”

स्वारगेटजवळच्या त्या हॉस्पिटलात आई माझ्यासोबत आली ती स्टीलचा डबा, दोन चादरी आणि स्वतःचं पेन घेऊन. दुसऱ्याच्या पेनाने ती सही करत नाही. संमतीपत्रावर लिहिलं होतं, ‘गरज भासल्यास दोन्ही अंडाशये काढण्यास संमती आहे.’ मी तो कागद तीनदा वाचला. चौथ्यांदा आईने घेतला.

“यातली ‘गरज’ कोण ठरवणार?” तिने डॉक्टरांना विचारलं.

“मी. आत गेल्यावर, बघून.”

“मग जरा काटकसरीने ठरवा,” आई म्हणाली, आणि सही केली.

डॉक्टर हसल्या. पण त्यांनी त्याच कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘उजवी बाजू शक्य तितकी वाचवावी.’ ते अक्षर वाईट होतं. मला आजवर इतकं सुंदर अक्षर दुसरं दिसलेलं नाही.

मग नर्स आली. रक्तदाब, ताप, वजन. फॉर्म भरता भरता, मान वर न करता तिने विचारलं, “दुखतंय किती? दहापैकी सांगा.”

‘चार’ जिभेवर आलेच होते. मी थांबले. एकदा नीट पान उलटून पाहावं म्हटलं. स्पीडब्रेकर, गादी, फळा, हळदीकुंकू, टेकलेलं पेन.

“नऊ,” मी म्हणाले.

नर्सने नऊ लिहिले. तिला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. पिशवीतून चादर काढणारी आई मात्र तशीच थांबली.

“नऊ?” ती म्हणाली. “कधीपासून?”

“दहावीपासून असेल. तेव्हा सात-आठ.”

आई कॉटच्या कडेला बसली. बराच वेळ चादरीची घडी मांडीवर सारखी करत राहिली. “ओवा दिला होता मी तुला,” ती म्हणाली.

“हो.”

“ओवा,” ती पुन्हा म्हणाली, माझ्याशी नाही.

मग खिडकीकडे बघत तिने सांगितलं. माझ्या बारावीच्या पूर्वपरीक्षेच्या वेळी ती पंधरा दिवस लोणी काळभोरला मावशीकडे गेली होती. मला ते चांगलं आठवत होतं, कारण माझी परीक्षा सोडून ही हुरडा खायला गेली म्हणून मी परत आल्यावर आठवडाभर तिच्याशी धड बोलले नव्हते. ती हुरडा खायला गेली नव्हती. तिथल्या दवाखान्यात तिचं गर्भाशय काढलं होतं. टाके सुकेपर्यंत मावशीने ठेवून घेतलं होतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझी परीक्षा होती ना,” आई म्हणाली.

मला तिचा राग आला, तिची दया आली, आणि हसूही आलं. वडील गेल्यानंतरची ती वर्षं, मी खोलीत पाठांतर करते आहे आणि ही मावशीच्या पडवीत पोटाला हात लावून निजली आहे. मी तिचा हात धरला. आमच्या घरात तीही रीत नव्हती. तिने धरू दिला.

शस्त्रक्रिया तीन तास चालली असं म्हणतात. मला त्यातलं काहीच कळलं नाही. शुद्ध आली तेव्हा तोंडाला कोरड होती आणि डॉक्टरांचा चष्मा कपाळावर होता. डावं गेलं. उजव्यातली गाठ खरवडून काढली, अंडाशय राहिलं, सगळं नाही, पण बरंचसं. “दोन वर्षांपूर्वी आला असतात तर...” असं त्या म्हणाल्या आणि वाक्य त्यांनी सोडून दिलं. ते वाक्य मी अधूनमधून पुरं करून बघते. मग थकवा येतो आणि मिटवून ठेवते.

वर्ष झालं. बरी झाले असं लोक म्हणतात आणि मी हो म्हणते. गोळ्या चालू आहेत. गाठ पुन्हा होऊ शकते, दर सहा महिन्यांनी पुन्हा लिटरभर पाणी आणि प्लास्टिकची खुर्ची आहे. उजवीकडे कधीकधी ठणकतं. ठरवायची जागा अजून शिल्लक आहे, थोडी अरुंद झालेली. मी अजूनही काही ठरवलेलं नाही, आणि कुणी विचारलं तर तसं सांगते. सानिका दहावीची परीक्षा देऊन सुट्टीत आहे. परवा रस्त्यात तिची आई भेटली. “पोरगी आता लई बोलती,” म्हणाली, तक्रारीच्या सुरात. मला बरं वाटलं.

आज पहिला गठ्ठा सोडला. पुरवण्या मोजल्या, चौकटी पाहिल्या, मग वाचायला घेतलं. विसाव्या पेपरपाशी पाठ भरून आली, उजवीकडे बारीक कळ सुरू झाली. पेन थांबलं असावं, कारण स्वयंपाकघरातल्या कपबश्यांचा आवाजही थांबला.

“आज किती?” आईने आतून विचारलं. हॉस्पिटलातून आल्यापासून हे ती रोज विचारते, चहाबरोबर. सानिकाच्या पुरवणीची गोष्ट मी तिला तिथेच सांगितली होती.

“तीन,” मी म्हणाले.

आई पदराला हात पुसत दारात आली. माझ्याकडे पाहिलं, खुर्चीवर दुमडून घेतलेल्या पायाकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं.

“सगळी पानं उलटून पाहिलीस?” तिने विचारलं.

मी पेनाला टोपण लावलं.

“सहा,” मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि पिशवीसाठी पाणी तापवायला आत गेली.